श्रीक्षेत्र नृसिंहवाडी : नदीला वाट देणारे देवालय

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व भागात, शिरोळ तालुक्यात, कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावर नृसिंहवाडी हे गाव वसले आहे. महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात ते नरसोबाची वाडी, किंवा नुसतेच ‘वाडी’, या नावाने ओळखले जाते. दत्तसंप्रदायाच्या प्रमुख क्षेत्रांत त्याची गणना होते. दर पौर्णिमेला, गुरुवारी आणि शनिवारी येथे भाविकांची दाटी होते. तथापि या क्षेत्राचे खरे वैशिष्ट्य पाहावयाचे असेल, तर ते भर पावसाळ्यात पाहावे. सह्याद्रीवर संततधार लागते, नद्या पात्र सोडू लागतात, आणि एखाद्या पहाटे कृष्णेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढून देवालयाच्या उत्तरेकडील दारातून आत येते, पादुकांवरून वाहते व दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. यालाच ‘दक्षिणद्वार’ असे म्हणतात. ज्या पुराला अन्यत्र संकट मानले जाते, त्याचे येथे काही काळ तरी दर्शनार्थी म्हणून स्वागत होते.

हा सोहळा श्रद्धेचा आहे, तसाच तो नदीकाठच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या एका शहाणपणाचाही आहे. क्षेत्राचा इतिहास, आख्यायिका व उत्सव यांचा परिचय करून घेताना त्या शहाणपणाचाही विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संगमाचा भूगोल

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा कराड येथे कोयनेला भेटते, सांगलीजवळ हरिपूर येथे वारणेला पोटात घेते आणि वाडीला येऊन पोहोचते. पंचगंगा पश्चिमेकडून येते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती या पाच प्रवाहांची मिळून ती पंचगंगा. कोल्हापूरनजीक प्रयाग चिखली येथे तिचा आरंभ मानतात. तेथून सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास करून ती वाडीजवळ कृष्णेला मिळते. गुरुचरित्रात या पाच प्रवाहांची नावे शिवा, भद्रा, कुंभी, भोगावती व सरस्वती अशी दिली आहेत.

पंचगंगेच्या पलीकडे कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या संस्थानाचे जुने गाव आहे. कृष्णेच्या पैलतीरावर औरवाड असून तेथे अमरेश्वराचे स्थान आहे. जुन्या ग्रंथांतील अमरापूर ते हेच. या परिसरात शुक्लतीर्थ, पापविनाशी, काम्य, सिद्ध, अमर, कोटि, शक्ति व प्रयाग अशी आठ तीर्थे सांगितली जातात. याच शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठीच, खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आहे. कृष्णा, पंचगंगा, वारणा व दूधगंगा या चार नद्यांनी समृद्ध केलेला हा प्रदेश आहे. या समृद्धीची दुसरी बाजूही पुढे पाहावयाची आहे.

श्रीनृसिंहसरस्वती

वाडीचे महत्त्व श्रीनृसिंहसरस्वती यांच्या वास्तव्यामुळे आहे. दत्तसंप्रदायात श्रीपाद श्रीवल्लभ यांच्यानंतरचा दत्तावतार म्हणून त्यांना मानतात. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विदर्भातील कारंजा येथे त्यांचा जन्म झाला. काशी येथे त्यांनी संन्यास घेतला. पुढे अनेक तीर्थांची यात्रा करीत ते कृष्णाकाठी आले. भिलवडीजवळील औदुंबर येथे त्यांनी एक चातुर्मास काढला आणि नंतर या संगमावर बारा वर्षे वास्तव्य केले. येथून ते भीमा व अमरजा यांच्या संगमावरील गाणगापुरास गेले.

जाताना त्यांनी आपल्या पादुका मागे ठेवल्या, अशी श्रद्धा आहे. औदुंबर येथील पादुकांना ‘विमल’, वाडीच्या पादुकांना ‘मनोहर’ आणि गाणगापूरच्या पादुकांना ‘निर्गुण’ असे म्हणतात. ही तिन्ही स्थाने नदीकाठची आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पादुकांच्या पूजेचा अधिकार स्वामींनी आलास येथील भैरंभट जेरे यांना दिला, असे परंपरा सांगते. वाडीतील पुजारी मंडळी आपली परंपरा त्यांच्यापासून मानतात.

या चरित्राचा मुख्य आधार म्हणजे सरस्वती गंगाधर यांनी सोळाव्या शतकात रचलेला ‘गुरुचरित्र’ हा ओवीबद्ध मराठी ग्रंथ होय. त्याच्या सप्ताहाची प्रथा आजही घराघरांत आहे.

आख्यायिका

गुरुचरित्रातील वाडीच्या कथांत घेवड्याच्या वेलाची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. अमरापूरच्या एका दरिद्री ब्राह्मणाच्या दारी घेवड्याचा वेल होता. भिक्षेत काही मिळाले नाही, तर घेवड्याच्या शेंगा शिजवून ते कुटुंब दिवस काढी. एके दिवशी स्वामी तेथे भिक्षेस आले. घरात धान्य नव्हते. गृहिणीने घेवड्याची भाजी करून वाढली. स्वामी तृप्त झाले आणि जाताना त्यांनी तो वेल मुळापासून उपटून टाकला. घरात आकांत झाला. ब्राह्मणाने मात्र दोष न देता उरलेले मूळ खणून काढावयास घेतले, तो खाली द्रव्याने भरलेला कुंभ लागला. ज्या आधाराला आपण कवटाळून बसतो, त्याच्याच खाली आपली खरी संधी दडलेली असते, असा या कथेचा अर्थ कीर्तनकार लावीत आले आहेत.

दुसरी कथा गंगानुज नावाच्या भक्ताची आहे. माध्यान्हकाळी कृष्णेच्या प्रवाहातून चौसष्ट योगिनी वर येत आणि औदुंबरातळी बसलेल्या स्वामींची पूजा करून पुन्हा पाण्यात दिसेनाशा होत. गंगानुज एकदा त्यांच्या मागोमाग गेला, तेव्हा नदीच्या पोटात त्याला एक दिव्य नगर दिसले, असे कथा सांगते. तिसरी कथा शिरोळच्या एका मातेची आहे. मुले जगत नाहीत या दुःखाने पोळलेल्या त्या बाईला औदुंबराच्या सेवेने पुत्रसुख लाभले, अशी ती कथा होय.

या कथांचा ऐतिहासिक पुरावा शोधण्याचे कारण नाही. परंतु त्यांतून तत्कालीन जीवनाचे दर्शन घडते. परसातील वेलावर पोट भरणारे घर, नदीला सजीव व दैवी मानणारी दृष्टी, आणि बालमृत्यूची सर्वत्र असलेली छाया, हे सर्व या कथांत आहे. शिक्षकांनी कथा सांगताना ही बाजूही विद्यार्थ्यांपुढे ठेवावी.

देवालय व परिसर

वाडीचे मुख्य देवालय गावाच्या उंचीवर नसून खाली, घाटाच्या अंगाला आहे. औदुंबर वृक्षाच्या छायेत एक लहान गाभारा आणि पुढे मंडप अशी साधी रचना आहे. गाभाऱ्यात मूर्ती नसून पादुका आहेत. इमारतीवर उंच शिखर नाही. याविषयी परंपरा अशी की, विजापूरच्या आदिलशहाच्या कन्येस येथील अंगाऱ्याने दृष्टी लाभली. तेव्हा संतुष्ट होऊन त्याने हे देवालय बांधविले आणि पैलतीरावरील औरवाड व गौरवाड ही गावे देवाच्या सेवेस दिली. धर्मभेदापलीकडे पोहोचलेल्या श्रद्धेची ही आठवण लोक आवर्जून सांगतात.

देवालयाच्या परिसरात रामचंद्र योगी, नारायणस्वामी, गोविंदस्वामी आदी सत्पुरुषांची स्थाने आहेत. अलीकडच्या काळात वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबेस्वामी (१८५४–१९१४), यांचा वाडीशी निकटचा संबंध होता. सिंधुदुर्गातील माणगाव ही त्यांची जन्मभूमी आणि नर्मदाकाठचे गरुडेश्वर ही समाधिभूमी. दत्तोपासनेला शिस्त व साहित्य देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

घाट काळ्या दगडाचा व प्रशस्त आहे. पहाटे काकड आरतीने दिवस सुरू होतो. सकाळी पंचामृत पूजा, दुपारी महापूजा, सायंकाळी धूपारती व पालखी आणि रात्री शेजारती असा क्रम चालतो. पालखीबरोबर ठरलेली पदे म्हटली जातात. पावसाळ्याच्या दिवसांत पालखी बंद असते. नदी जेव्हा घाटावर येते, तेव्हा माणसाने घाट मोकळा ठेवावा, हा संकेत नित्यक्रमातच बसविलेला दिसतो.

वर्षाचे उत्सव

मार्गशीर्ष पौर्णिमेची दत्तजयंती हा येथील सर्वांत मोठा उत्सव. सायंकाळी जन्मकाळ होतो आणि त्या वेळी घाटावर पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. आश्विन वद्य द्वादशीस गुरुद्वादशी होते. स्वामींनी वाडीहून गाणगापुरास प्रयाण केल्याचा तो दिवस मानतात. माघ वद्य प्रतिपदा ही गुरुप्रतिपदा. त्या दिवशी स्वामींनी श्रीशैलाकडे गमन केले, अशी श्रद्धा आहे. माघ महिन्यातच कृष्णावेणीचा उत्सव असतो. देवाच्या क्षेत्रात खुद्द नदीचा उत्सव व्हावा, यातच कृष्णाकाठच्या लोकांचे नदीशी असलेले नाते प्रकट होते.

गुरू कन्या राशीत प्रवेश करतो, तेव्हा दर बारा वर्षांनी कन्यागत महापर्वकाल येतो. गोदावरीस जसा सिंहस्थ, तसा कृष्णेस कन्यागत. २००४ नंतर २०१६ च्या ऑगस्टमध्ये हा पर्वकाल आला. त्या वेळी श्रींची पालखी शुक्लतीर्थावर स्नानासाठी नेण्यात आली. पुढील कन्यागत २०२८ साली यावयाचे आहे. ऐन पावसाळ्यात लाखोंच्या संख्येने यात्रेकरू नदीकाठी येण्याचा हा प्रसंग असल्याने त्याची तयारी आतापासून करावी लागेल, हे उघड आहे.

यात्रेवर गावाची उपजीविका उभी आहे. वाडीचे पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी यांची ख्याती दूरवर आहे. कृष्णाकाठच्या वांग्यांची चवही अशीच वाखाणली जाते. ही वांगी नदीकाठच्या मळीच्या जमिनीत होतात, आणि ती मळी पुरानेच आणून टाकलेली असते. पूर घेऊन जातो तसा देऊनही जातो, हे येथील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही.

दक्षिणद्वार

दक्षिणद्वाराचा क्रम पाहण्यासारखा असतो. प्रथम घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडू लागतात. पुजारी व सेवेकरी पाण्यावर नजर ठेवून असतात. पाणी मंडपाजवळ येऊ लागले, की आवश्यक साहित्य वर हलविले जाते आणि उत्सवमूर्ती उंचावरील नारायणस्वामींच्या मंदिरात नेली जाते. पाणी उत्तरद्वारातून आत येऊन पादुकांवरून वाहू लागले आणि दक्षिणद्वारातून बाहेर पडले, की भाविक तेथे स्नान करतात. पाणी वाढताना होतो तो चढता दक्षिणद्वार आणि ओसरताना होतो तो उतरता दक्षिणद्वार. पाणी याहून वाढले, तर गाभाराही बुडतो. मग पूजाअर्चा वरच्या स्थानी चालते. पूर ओसरल्यावर पुजारी, ग्रामस्थ व स्वयंसेवक मिळून गाळ काढतात, घाट धुतात आणि नित्यक्रम पुन्हा सुरू होतो.

या सर्व व्यवस्थेत तीन गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली गोष्ट म्हणजे देवालय नदीला अडवीत नाही. पाणी एका दाराने येते व दुसऱ्या दाराने जाते. दुसरी गोष्ट म्हणजे स्थलांतर वेळेपूर्वी होते. पाणी गाभाऱ्यात शिरल्यावर मूर्ती हलविण्याची धावपळ कोणी करीत नाही. ती आधीच वर गेलेली असते. तिसरी गोष्ट म्हणजे वर कोठे जावयाचे, हे ठरलेले असते. ठिकाण, क्रम आणि जबाबदार माणसे यांविषयी संभ्रम नसतो. देवाच्या बाबतीत इतके चोख असलेले नियोजन माणसांच्या बाबतीतही असावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

पूर जेव्हा मर्यादा सोडतो

कृष्णा व पंचगंगा यांना एकाच वेळी पूर आला, की संगमावर फुगवटा तयार होतो. कृष्णेचे पात्र भरलेले असल्यामुळे पंचगंगेच्या पाण्याचा निचरा होत नाही. ते मागे सरते आणि शिवारात पसरते. वरच्या भागात पाऊस थांबल्यानंतरही शिरोळ तालुक्यात पाणी दिवसेंदिवस उभे राहते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. शिवाय कोयना, वारणा, राधानगरी आदी धरणांतून विसर्ग वाढतो, त्याचाही परिणाम येथे जाणवतो.

२००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांच्या महापुरांनी ही बाब कठोरपणे दाखवून दिली. कोल्हापूर येथील राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट असताना २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांवर पोहोचली. वाडीत देवालयच नव्हे, तर गावाचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि ग्रामस्थांना घरे सोडावी लागली. त्याच दिवसांत, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. पाणी चढल्यानंतर केलेल्या स्थलांतराची किंमत किती मोठी असू शकते, हे त्या दुर्घटनेने दाखविले.

२०१९ च्या महापुरानंतर राज्य शासनाने श्री. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. २०२० मध्ये तिचा अहवाल आला. अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातील अतिक्रमणांचा प्रश्न त्यात मांडला गेला. पूररेषांचा नियम या संदर्भात प्रत्येक पंचायत सदस्यास माहीत असला पाहिजे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध असून निळ्या व लाल रेषांमधील क्षेत्र नियंत्रित आहे. भराव घालून बांधलेली एक इमारत स्वतःपुरती कोरडी राहते. तिने अडविलेले पाणी मात्र शेजाऱ्याच्या घरात शिरते. नदीकाठच्या देवालयाने जे शतकानुशतके पाळले, ते आपल्या बांधकाम परवानगीत आपण पाळतो काय, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

तीर्थाची शुद्धी

दुसरा प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा आहे. जे पाणी पादुकांवरून वाहते आणि भाविक तीर्थ म्हणून घेतात, तेच पाणी काठची गावे पितात. वाटेत पंचगंगेत शहरांचे सांडपाणी आणि उद्योगांचे दूषित पाणी मिसळते. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण झाला, की तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे मरून तरंगण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. २०१२ साली इचलकरंजी येथे काविळीची मोठी साथ उद्भवली, तेव्हा या प्रश्नाचे गांभीर्य सर्वांच्या ध्यानी आले. सांडपाण्यावर प्रक्रिया करणे ही नगरपालिका व उद्योग यांची जबाबदारी आहे. निर्माल्य, जुनी वस्त्रे व प्लॅस्टिक नदीत न टाकणे ही यात्रेकरूंची, आणि त्यासाठी घाटावर कुंडांची सोय करणे ही ग्रामपंचायत व देवस्थान यांची जबाबदारी आहे. नदीला माता म्हणावयाचे आणि तिच्यातच केरकचरा टाकावयाचा, ही विसंगती केवळ कायद्याने जाणार नाही. शाळेत लागलेल्या सवयींचा उपयोग येथे अधिक होईल.

शाळा व पंचायतींसाठी

कृष्णा-पंचगंगेच्या काठचीच नव्हे, तर कोणत्याही नदीकाठची शाळा या विषयावर सोपा अभ्यास हाती घेऊ शकेल. घाटाच्या पायऱ्या ही तयार मोजपट्टी आहे. जून ते सप्टेंबर या काळात रोज सकाळी पाणी कोणत्या पायरीवर आहे, याची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी आणि त्याच दिवसाचे धरण विसर्गाचे व पावसाचे आकडे तिच्याशेजारी लिहावेत. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून वरच्या विसर्गाचे पाणी आपल्या गावी किती तासांनी पोहोचते, याचा अंदाज मुलांनाही बांधता येईल. गावातील वृद्धांना विचारून जुन्या पुरांच्या खुणा भिंतींवर रंगवून घ्याव्यात. पाण्याची उंची डोळ्यांनी दिसली, की माणसे तिला विसरत नाहीत.

ग्रामपंचायतीने उंचावरील निवाऱ्याची जागा, तेथे जाण्याचा मार्ग, वृद्ध, आजारी व गरोदर स्त्रियांची यादी, जनावरांची व चाऱ्याची सोय आणि नावांची व जीवरक्षक साहित्याची तपासणी ही कामे मे महिनाअखेर पूर्ण करावीत. कोणत्या पायरीला पाणी आले, म्हणजे कोणत्या गल्लीने निघावयाचे, हे ग्रामसभेत ठरवून फलकावर लिहावे. असे झाले, तर ऐन वेळी कोणी कोणाची मनधरणी करीत बसणार नाही.

वाडीच्या घाटावर दरवर्षी हे दृश्य दिसते. नदी येते, देव तिला वाट देतो, आपले स्थान सोडून वर जातो आणि पाणी उतरले, की पुन्हा आपल्या जागी येतो. त्यात पराभव नाही आणि भयही नाही. नदीचा हक्क ओळखण्याची रीत आहे. घेवड्याच्या वेलाच्या कथेतील त्या गृहस्थाप्रमाणे आपणही हातची एखादी जागा सोडावयास तयार झालो, नदीकाठची थोडी जमीन नदीसाठी मोकळी ठेवली, तर पुढच्या पिढीच्या हाती सुरक्षित गाव आणि स्वच्छ पाणी ही ठेव लागेल. दक्षिणद्वाराच्या पाण्यात उभे राहून हात जोडताना एवढे ध्यानी ठेविले, तरी क्षेत्राची यात्रा सफल झाली असे म्हणता येईल.